आधी बोटाचा थेंब, मग सलाईन

आमच्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात 'सलाईन' या शब्दाला औषधापेक्षा मोठा मान आहे. ताप आला, सलाईन. हातपाय गळाले, सलाईन. भाताची लावणी आटोपून थकलेला माणूस दवाखान्याच्या बाकावर येऊन बसतो आणि 'डॉक्टर, एक बाटली लावा' म्हणतो, तेव्हा त्याला तपासणी नको असते, बाटली हवी असते. लावली नाही, तर या डॉक्टरला काही येत नाही, असा निष्कर्ष काढून तो पुढच्या दवाखान्याची पायरी चढतो. गेली अनेक वर्षे या भागात दवाखाना चालवताना मी ही श्रद्धा जवळून पाहतो आहे. तिला हसण्याचे कारण नाही. मीठ आणि पाणी यांनी माणसे वाचतात, हे लोकांनी जुलाब-उलट्यांच्या साथींमध्ये डोळ्यांनी पाहिलेले आहे.

अडचण एवढीच, की लांबून सगळ्या बाटल्या सारख्याच दिसतात. एकीत मिठाचे पाणी असते, दुसरीत साखरेचे. ज्याच्या रक्तात आधीच साखरेचा पूर आला आहे, त्याला चुकून दुसरी बाटली लागली, तर आगीत तेल ओतल्यासारखे होते. कोणती बाटली लावायची हे ठरवायला बोटाच्या टोकावरचा रक्ताचा एक थेंब, एक पट्टी आणि अर्धे मिनिट पुरते. हे अर्धे मिनिट आपल्याकडे अजून सवयीचे झालेले नाही. माझ्या मते या भागातील मधुमेहाच्या तातडीच्या प्रसंगांची सारी कथा त्या अर्ध्या मिनिटात साठलेली आहे.

मधुमेह हा शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांचा आजार, ही समजूत आता सोडून द्यायला हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. या आकड्यांवर पुष्कळ लिहिले गेले. डोळे जातात, मूत्रपिंडे निकामी होतात, पाय कापावा लागतो, हेही आता घरोघरी ठाऊक झाले आहे. परंतु हे सारे वर्षांच्या हिशोबाने चालणारे नुकसान. मधुमेहाची दुसरीही एक चाल आहे, ती तासांच्या हिशोबाने चालते. तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

कणगी भरलेली, चूल विझलेली

शरीरात नेमके काय घडते, ते आपल्याकडच्या घराच्या उदाहरणाने समजून घेऊ. घरात भाताची कणगी काठोकाठ भरलेली आहे, पण कोठीला कुलूप आहे आणि किल्ली हरवली आहे. बाहेर धान्याची रास, आत चूल थंड. अशा वेळी घरातली माणसे काय करतील? थंडीने काकडून ती घराचेच वासे काढून जाळू लागतील. वासे जळतात, धूर कोंडतो आणि शेवटी छप्परच खाली येते.

ही किल्ली म्हणजे इन्सुलिन. ते संपले, की रक्तात साखर असूनही पेशींना ती वापरता येत नाही. मग शरीर स्वतःची चरबी भराभर जाळू लागते. त्या जळण्यातून 'किटोन' नावाची आम्ले तयार होतात. हा तो धूर. दुसरीकडे रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर पडू लागते आणि जाताना पाणी आणि क्षार ओढून नेते. मोठ्या माणसाच्या अंगातून अशा प्रसंगी पाच-सहा लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ अर्धी कळशी, निघून गेलेले असते. आम्ल वाढले, पाणी आटले, की मळमळ, उलट्या आणि पोटदुखी सुरू होते. आम्ल बाहेर टाकण्यासाठी फुप्फुसे जोराने काम करू लागतात आणि रुग्णाचा श्वास खोल आणि जलद होतो. अ‍ॅडॉल्फ कुसमाउल या जर्मन वैद्याने १८७४ मध्ये या श्वासाचे वर्णन केले. आजही तो श्वास त्याच्याच नावाने ओळखला जातो. या अवस्थेला डॉक्टर मंडळी 'किटो-अ‍ॅसिडोसिस' म्हणतात.

दुसरा प्रकार मुख्यतः वयस्कर माणसांचा. त्यांच्या शरीरात थोडेसे इन्सुलिन शिल्लक असते. वासे जळू न देण्याइतके ते पुरते, पण कोठी उघडण्याइतके पुरत नाही. त्यामुळे धूर होत नाही, श्वास लागत नाही, कुणाचे लक्षही जात नाही. आठवडाभर माणूस नुसता वाळत जातो. आठ-नऊ लिटर पाणी कमी होते. साखर ६००च्या पुढे जाते, कधी हजारापलीकडे पोहोचते. आजोबा झोपूनच असतात, विचारलेल्याचे धड उत्तर देत नाहीत, कधी एका बाजूचा हात उचलत नाही. घरचे म्हणतात, 'वय झाले.' या दुसऱ्या प्रकारात मृत्यूचे प्रमाण पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त असते, आणि त्याचे एक मोठे कारण रुग्ण उशिरा आणला जातो हेच आहे.

वेश पालटून येणारा आजार

आपण मधुमेहाने आजारी आहोत, असे सांगत हा रुग्ण क्वचितच येतो. तो पोट धरून येतो, म्हणून अपेंडिक्सची शंका घेतली जाते. उलट्या करत येतो, म्हणून पित्त ठरते. धापा टाकत येतो, म्हणून दमा ठरतो. किटोनमुळे तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो आणि बोलणे अडखळते. स्टेशनच्या फलाटावर असा माणूस पडलेला दिसला, की 'जास्त झालेली दिसते' म्हणून लोक वळसा घालून जातात. वाडीवर एखादी तरुण मुलगी बरळू लागली, तर आधी भगताकडे नेली जाते. भगतालाच दोष का द्यावा? पदवीधरांच्या दवाखान्यांतूनही हा आजार निसटतो.

एका वाडीवरची अकरा वर्षांची मुलगी माझ्या पाहण्यात आहे. दोन-तीन आठवडे ती सारखे पाणी पीत होती. रात्री उठून हंड्याशी जायची. कित्येक वर्षांनी पुन्हा अंथरूण ओले होऊ लागले, म्हणून तिने आईचा मारही खाल्ला. फ्रॉक ढगळ होऊ लागला. मग उलट्या सुरू झाल्या. पावसाळ्याचे दिवस, गावात जुलाबाची साथ. एका दवाखान्यात दोन दिवस तिला बाटल्या लागल्या, आणि त्यांतली निदान एक साखरेची होती. तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली, तेव्हा तिचा श्वास दारातूनच ऐकू येत होता. बोटाला टोचले, तर यंत्राने आकडा दाखवलाच नाही, नुसते 'हाय' असे लिहून आले. यंत्राच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे साखर गेली, की ते असे सांगते. मिठाच्या पाण्याची बाटली लावून तिला लगेच पुढे पाठवले. ती वाचली. पण त्या आधीच्या दोन दिवसांत तिची साखर कोणीही मोजली नव्हती.

पावसाळ्यात ही गुंतागुंत वाढते. हिवताप, डेंग्यू, लेप्टो, जुलाब हे सारे आपल्याकडे याच दिवसांत येतात. हे आजार मधुमेहासारखे दिसतात एवढेच नव्हे, तर मधुमेह्याला संकटात ढकलतातही. अंगात जंतुसंसर्ग झाला, की इन्सुलिनची गरज वाढते. भातखाचरात अनवाणी चालताना पायाला झालेली जखम, न दुखणारी आणि म्हणून दुर्लक्षित, ही याची नेहमीची सुरुवात. तेव्हा 'रक्तात हिवताप सापडला' म्हणून साखर तपासायची नाही, हे चुकीचे. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

त्याच थेंबाचा आणखी एक उपयोग आहे. मधुमेही माणूस गुंगीत सापडला, तर त्याची साखर फार वाढलेली असेल किंवा फार उतरलेली असेल. दोन्हींचे उपचार उलट्या दिशेचे. यंत्र हाताशी असेल तर क्षणात उलगडा होतो. यंत्र नसेल, रुग्ण इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असेल, त्याला दरदरून घाम फुटला असेल आणि गिळता येत असेल, तर साखर द्यावी. उतरलेली साखर थोड्या वेळात घात करते. वाढलेल्या साखरेत दोन चमचे वाढल्याने तेवढे बिघडत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

उपचाराचा क्रम

शंभर वर्षांपूर्वी या आजाराला उपाय नव्हता. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तेव्हा त्याचे वजन सुमारे २९ किलो होते. पहिला अर्क अशुद्ध निघाला, फारसा गुण आला नाही. २३ जानेवारीपासून शुद्ध केलेला अर्क दिला गेला आणि मरणाच्या दारातला मुलगा उठून बसला. तो पुढे तेरा वर्षे जगला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये आवश्यक औषधांची पहिली यादी केली, तिच्यात इन्सुलिन होते.

उपचार रुग्णालयातच व्हायचे आहेत, घरी नव्हेत. तरीही त्यांचा क्रम घरच्यांना ठाऊक असावा, कारण तो ठाऊक नसल्याने कॉटशेजारी गैरसमज होतात. पहिले स्थान पाण्याचे. मिठाच्या पाण्याची बाटली, मोठ्या माणसाला पहिल्या तासात लिटरभरापर्यंत, हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल तर बेताने. नुसत्या पाण्यानेही साखर उतरू लागते आणि आटलेले रक्ताभिसरण सुधारते.

दुसरे स्थान पोटॅशियमचे. शरीरातला हा क्षार लघवीवाटे गेलेला असतो, पण रक्ताच्या तपासणीत तो सुरुवातीला पुरेसा, कधी जादाही दिसतो. इन्सुलिन सुरू होताच तो पेशींत शिरतो आणि रक्तातले प्रमाण एकदम घसरते. त्याने हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. म्हणून रक्तातला आकडा ३.५च्या खाली असेल, तर आधी पोटॅशियम भरून काढायचे, मग इन्सुलिन. 'साखर ५०० आहे आणि डॉक्टर इंजेक्शन देत नाहीत' म्हणून नातेवाईक रागावतात, तेव्हा डॉक्टर बहुधा याच अहवालाची वाट पाहत असतात.

तिसरे स्थान इन्सुलिनचे, आणि तेही थोडे-थोडे. पूर्वी एकदम मोठमोठ्या मात्रा देत असत. १९७३ मध्ये आल्बर्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधून दाखवून दिले, की तासातासाने स्नायूत दिलेल्या लहान मात्रांनीही रुग्ण तितकाच सुधारतो. आज वजनाच्या किलोमागे तासाला एक दशांश युनिट, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला सहा युनिट, हा साधारण हिशोब आहे. सहसा ते शिरेतून सावकाश देतात. सौम्य प्रकारात ते त्वचेखाली दिले तरी चालते.

चौथी पायरी नातेवाइकांना कोड्यात टाकणारी आहे. साखर २५०च्या खाली आली, की डॉक्टर मिठाच्या पाण्याबरोबर साखरेचे पाणीही सुरू करतात आणि इन्सुलिनही चालू ठेवतात. कारण उद्दिष्ट केवळ साखर उतरवण्याचे नाही, धूर थांबवण्याचे आहे. रक्तातले आम्ल जाईपर्यंत इन्सुलिन लागते आणि तोवर साखर फार उतरू नये म्हणून ती वरून द्यावी लागते. म्हणजे साखरेच्या बाटलीचीही वेळ येते, पण ती शेवटी.

लहान मुलांत सारे आणखी सावकाश करावे लागते. घाईने मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. म्हणून त्यांना पाणी सुरू केल्यावर निदान तासभर थांबून मगच इन्सुलिन देतात.

वाटेत जाणारा वेळ

आता नकाशा पाहू. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांसाठी कशेळ्याला ग्रामीण रुग्णालय आहे. खालापूर तालुक्यात चौकचे ग्रामीण रुग्णालय आहे. त्यापुढे पनवेल, आणि जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय अलिबागला, समुद्राच्या काठी. कर्जतच्या माणसाला अलिबागपेक्षा कल्याण आणि मुंबई जवळची वाटते, कारण तिकडे लोकल जाते. म्हणून अत्यवस्थ रुग्णालाही लोकलच्या डब्यात घालून नेणारे नातेवाईक मी पाहिले आहेत.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूरच्या उरावरून जातो. त्यावरून दिवसरात्र गाड्या धावतात. त्याच तालुक्यात डोंगरावर अशा वाड्या आहेत, की जिथून रुग्णाला झोळीत घालून पायवाटेने खाली आणावे लागते. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतपथकांना पावसात डोंगर पायी चढून जावे लागले. साऱ्या महाराष्ट्राने ते दूरचित्रवाणीवर पाहिले. त्या रात्री जी पायवाट जगाला दिसली, ती अशा वाड्यांवरच्या प्रत्येक आजारी माणसाच्या वाट्याला रोजच येते. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली आणि तिने पुष्कळ जीव वाचवले. पण ती डांबरी रस्त्यापर्यंतच येऊ शकते.

मोठी रुग्णालये हवीतच, अतिदक्षता विभागही हवेत. पण ते होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही, हे मला सांगायचे आहे. या आजाराचे निदान कशेळ्याला होऊ शकते, उपकेंद्रात होऊ शकते, वाडीवरच्या ओट्यावर बसूनही होऊ शकते. साखरेची पट्टी पंधरा-वीस रुपयांची. लघवीतले किटोन दाखवणारी पट्टीही स्वस्त. पहिला उपचार मिठाच्या पाण्याचा, आणि ते तर प्रत्येक दवाखान्यात आहे. निदान करून, बाटली सुरू करून, चिठ्ठीवर साखरेचा आकडा आणि वेळ लिहून पुढे पाठवलेला रुग्ण आणि नुसताच 'पुढे न्या' म्हणून गाडीत घातलेला रुग्ण, या दोघांच्या नशिबात फार अंतर पडते. वाटेत जाणारे दोन-अडीच तास पहिल्याच्या बाबतीत उपचाराचे असतात, दुसऱ्याच्या बाबतीत वाया गेलेले असतात.

इन्सुलिन का तुटते?

ज्यांचा मधुमेह आधीच ठाऊक आहे, त्यांच्यावर हा प्रसंग बहुतेक वेळा इन्सुलिन तुटल्याने किंवा जंतुसंसर्गाने येतो. तुटण्याची कारणे घरगुती आहेत. सर्वांत घातक कारण शहाणपणाचे वाटते. माणूस आजारी पडतो, जेवत नाही, तेव्हा 'पोटात काही नाही, मग इंजेक्शन कशाला?' म्हणून ते बंद केले जाते. पण आजारपणात शरीराची गरज वाढलेली असते. मात्रा कमी-जास्त करावी लागेल, पण टाइप १च्या रुग्णाने इन्सुलिन पूर्ण बंद करणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

दुसरे कारण सुईचे. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन मुख्यतः ४० ताकदीचे असते आणि त्यासाठी लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० ताकदीसाठी नारिंगी टोपणाची सिरिंज असते. ४०ची कुपी आणि नारिंगी टोपणाची सिरिंज अशी गाठ पडली, तर २०च्या रेघेपर्यंत भरूनही रुग्णाला मिळतात फक्त आठ युनिट. उलट गाठ पडली, तर मात्रा अडीचपट होते. इंजेक्शन नियमित घेऊनही साखर हटत नसेल, तर घरच्यांनी आधी टोपणाचा रंग पाहावा.

तिसरे कारण साठवणीचे. इन्सुलिन थंड जागी ठेवायचे, पण गोठवायचे नाही. बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवलेले इन्सुलिन निकामी होते. ज्या घरी फ्रिज नाही, तिथे मातीचा माठ उपयोगी पडतो. कुपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, पाणी शिरणार नाही अशा बेताने, गारव्याला ठेवायची. वापरात असलेली कुपी साधारण चार आठवडे चालते. वर सांगितलेल्या मुलीची कुपी अशीच माठात असते.

परंतु तिच्या आईवडिलांचे घर वर्षभर एका जागी नसते. आमच्याकडची कातकरी कुटुंबे पावसाळा सरल्यावर वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडाशी परततात. मूल बरोबर जाते. त्याचे कार्ड इथल्या रुग्णालयात, औषध इथल्या कपाटात आणि भट्टी दुसऱ्या जिल्ह्यात. मग कुपी संपते आणि तिथल्या मुकादमाला इन्सुलिन म्हणजे काय ते ठाऊक नसते. अशा मुलांच्या बाबतीत 'पालक निष्काळजी आहेत' हा शेरा लिहिणे सोपे आहे. स्थलांतर दरवर्षी ठरल्या वेळी होते, मग औषधाची तरतूद ठरल्या वेळी का होऊ नये, हा प्रश्न अवघड आहे.

सडपातळ रुग्ण आणि नवी गोळी

दोन ताज्या घडामोडींची दखल घ्यायला हवी. पहिली, एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला 'टाइप ५' असे वेगळे स्थान दिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधनाचा या निर्णयात महत्त्वाचा वाटा होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये हा प्रकार मान्य केला होता आणि १९९९ मध्ये वगळला होता. आपल्या सुश्रुताने मात्र जन्मजात आणि अपथ्याने होणारा, कृश आणि स्थूल, असा भेद पूर्वीच केलेला आहे. कर्जतच्या आदिवासी वाड्यांना कुपोषण नवे नाही. या प्रकारच्या रुग्णांत इन्सुलिन कमी असते, पण किटोनचा धूर सहसा फार होत नाही. त्यांना भरमसाट इन्सुलिन दिले आणि घरी खायला पुरेसे नसले, तर साखर एकदम उतरून जिवावर बेतते. म्हणून सडपातळ रुग्ण दिसला, की मात्रा डोळे मिटून ठरवता येत नाही.

दुसरी घडामोड औषधांच्या दुकानातली. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांपैकी एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात मार्च २०२५ मध्ये संपले आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. हृदय आणि मूत्रपिंडासाठी या गोळ्या गुणकारी आहेत आणि त्या स्वस्त झाल्या हे चांगलेच झाले. पण त्या घेणाऱ्या थोड्या रुग्णांत साखर फारशी न वाढताही किटोन वाढू शकतात. कडक उपवास, उलट्या, शस्त्रक्रिया, दारूचा अतिरेक ही त्याची निमित्ते. अशा रुग्णाच्या बोटाचा थेंब '१८०' असा निर्धास्त करणारा आकडा दाखवतो आणि आजार आत वाढत असतो. तेव्हा या गोळ्या चालू असताना नवरात्राचे नऊ दिवस उपास करणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. उलट्या सुरू झाल्या तर गोळी थांबवून लघवीतले किटोन तपासून घ्यावेत.

करायचे काय?

सरकारी पातळीवर योजनांची वाण नाही. मधुमेह आणि तत्सम आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. मे २०२३ मध्ये केंद्राने २०२५ पर्यंत साडेसात कोटी रक्तदाब-मधुमेहाचे रुग्ण प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. परंतु या कार्यक्रमांचा भर रुग्ण शोधण्यावर आणि नोंदणीवर आहे. तातडीच्या प्रसंगी पहिल्या तासात कोणी काय करायचे, हे गावपातळीवर पक्के झालेले नाही.

माझ्या मागण्या लहान आहेत. उलट्या, धाप, गुंगी, पोटदुखी यांपैकी काहीही घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाची, मग तो मूल असो वा म्हातारा, बाटली लावण्याआधी साखर तपासली जावी. हा नियम प्रत्येक सरकारी आणि खासगी दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत लिहिलेला असावा. प्रत्येक उपकेंद्रात आणि आशाताईंच्या पिशवीत चालू स्थितीतले यंत्र आणि मुदतीतल्या पट्ट्या असाव्यात. यंत्र आहे पण पट्ट्या नाहीत, हे दृश्य संपावे. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांना निघण्यापूर्वी पुरेसे इन्सुलिन आणि कोणत्याही जिल्ह्यात चालेल असे कार्ड मिळावे. या चारही गोष्टींना नवी इमारत लागत नाही.

घरच्यांसाठीही काही गोष्टी आहेत. सारखी तहान, सारखी लघवी आणि उतरते वजन ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर त्याच दिवशी तपासणी करावी, बाजाराच्या वारापर्यंत थांबू नये. ठाऊक असलेल्या मधुमेह्याला ताप किंवा उलट्या झाल्या, तर इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नये, घोटघोट पाणी पाजत राहावे, तीन-चार तासांनी साखर मोजावी. लागोपाठ दोनदा ती ३००च्या वर आली, पाणीही पोटात ठरेना, श्वास खोल झाला किंवा माणूस पेंगू लागला, तर रुग्णालय गाठावे. प्रवासात इन्सुलिन हाताजवळच्या पिशवीत असावे आणि ते दोन दिवस पुरेल इतके जास्त असावे. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुरात अडकली आणि हजारभर प्रवासी कित्येक तास डब्यांतच राहिले. आपल्या पावसाळ्यात हे कुणावरही येऊ शकते.

इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिल्याला शंभरावर वर्षे झाली. मिठाचे पाणी तर त्याहूनही जुने. पट्टी स्वस्त आहे आणि ती वापरायला पदवी लागत नाही. एवढे सारे हाताशी असताना आमच्या तालुक्यातले एखादे मूल निदानाअभावी दगावले, तर त्याचा दोष दारिद्र्यावर किंवा डोंगरावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. डॉक्टरने विचारले नाही, तर नातेवाइकाने विचारावे. पुढच्या वेळी घरातल्या कुणाच्या हाताला सुई लागण्याआधी वाचकांनी एवढे तीन शब्द उच्चारावेत: 'साखर तपासली का?' चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. आणि जो रागावेल, त्यालाही पुढच्या रुग्णाच्या वेळी तो आठवेल.